मन कोरडं पडलेलं असताना देवाचे आभार कसे मानायचे? कॅनडातल्या माघ-फाल्गुनासाठी एक उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई ओंटारियोतल्या किचनरला राहतात. नवरा रात्रपाळीला, मुलगी पहिलीत, घर भाड्याचं आणि तेही बेसमेंट. त्या लिहितात की दिवाळीपर्यंत सगळं ठीक होतं, पण जानेवारी संपता संपता मन इतकं मरगळलं की देवापुढे निरांजन लावताना काहीच वाटत नाही. गावाहून आई फोनवर म्हणते, "देवानं किती दिलंय ते बघ, ठेविले अनंते तैसेचि राहावे." फोन ठेवल्यावर जास्तच अपराधी वाटतं. काही वाटत नसताना आभार मानणं हे ढोंग नाही का? उन्हाळा येईपर्यंत पूजा बंद ठेवली तर चालेल का? आणि भजनी मंडळ तासाभराच्या अंतरावर आहे, तर ऑनलाइन बसलं तर भागेल का?

ताई, पूजा बंद करू नका, लहान करा. आणि आभार मानण्याआधी कृतज्ञता वाटलीच पाहिजे ही अट काढून टाका. बाकीचं सगळं उत्तर या दोन वाक्यांचा विस्तार आहे. माझं माहेर वारकरी, आणि इथे ओंटारियोत रुग्णालयात आजाऱ्यांना त्यांच्या त्यांच्या श्रद्धेचा आधार देण्याचं काम मी बरीच वर्षं केलं. शनिवारी आमच्याकडे हरिपाठ असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमच्यासारखा प्रश्न घेऊन येणारी माणसं दर वर्षी भेटतात. त्यांत आयटीतली असतात, ट्रक चालवणारी असतात, नातवंडं सांभाळायला आलेले आजी-आजोबा असतात. तेव्हा पहिली गोष्ट ही की तुमची भक्ती आटलेली नाही. तुम्ही अशा जागी आहात जिथे या दिवसांत बहुतेकांचं मन आटतं.

देवाधर्माचं बोलण्याआधी डॉक्टरांचं बोलते. दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप बिघडली असेल, किंवा झोप कितीही झाली तरी उठवत नसेल, आवडीच्या गोष्टीत रस उरला नसेल, मुलीवर विनाकारण ओरडायला होत असेल, तर फॅमिली डॉक्टरकडे जा आणि हे सगळं असंच सांगा. हिवाळ्यात येणारं नैराश्य हा ओळखलेला आजार आहे, १९८४ पासून तो वैद्यकशास्त्रात नावानिशी नोंदलेला आहे. रक्तातलं लोह आणि थायरॉइड तपासून घ्या, कारण बायकांच्या थकव्यामागे बऱ्याचदा हीच कारणं निघतात. डी जीवनसत्त्वाची गोळी घ्यायची का तेही विचारा. या अक्षांशावर ऐन हिवाळ्यात ऊन इतकं तिरपं असतं की त्यातून त्वचेला ते जवळजवळ मिळतच नाही. १०,००० लक्सचा दिवा मिळतो, तो सकाळी उठल्यावर हातभर अंतरावर ठेवून वीस ते तीस मिनिटं समोर बसायचं असतं. डोळ्यांचा आजार असेल किंवा मनाच्या चढउतारांचा त्रास पूर्वी झाला असेल तर आधी डॉक्टरांना विचारून. आमच्या मंडळातल्या बऱ्याच जणी याच दिव्यासमोर हरिपाठ म्हणतात, कारण दोन्हींना लागणारा वेळ साधारण सारखाच आहे. आणि कधी जगणंच नकोसं वाटलं, तर ९८८ हा नंबर कॅनडात कुठूनही, कोणत्याही वेळी चालतो, फोन करा किंवा मेसेज करा. मदत मागणं श्रद्धेच्या आड येत नाही. आजारी पोराला दवाखान्यात नेणाऱ्या बाईला आपण कधी नास्तिक म्हणत नाही.

आता आईच्या वाक्याकडे येते, कारण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं तिथे आहे.

"ठेविले अनंते तैसेचि राहावे, चित्ती असो द्यावे समाधान" हे वाक्य घरोघरी इतकं वापरलं गेलंय की ते कोणाच्या तोंडचं आहे याचा विसर पडतो. हे म्हणणारे तुकोबा देहूच्या खाऊन-पिऊन सुखी घरातले होते, दुकान होतं, सावकारी होती. मग आईवडील गेले आणि १६३० च्या आसपास महाराष्ट्रभर जो भीषण दुष्काळ पडला त्यात होतं नव्हतं ते गेलं. संतांनी विचारलं म्हणून त्यांनी एका अभंगात स्वतःची हकिगत सांगितली आहे. त्यात ते सरळ सांगतात की दुष्काळानं पैसा आटला, मान गेला, आणि एक बायको "अन्न अन्न करितां मेली". लाज वाटली, धंद्यात खोट आली, जिवाला त्रास झाला, हेही त्याच अभंगात आहे. एक शब्द गोड करून सांगितलेला नाही.

पुढे काय केलं हेही ते तिथेच सांगतात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या ओळींत दिसतं. गावातलं देवाचं देऊळ पडलं होतं, ते बांधावंसं वाटलं. मग एकादशीला कीर्तन करायला लागले, आणि त्या वेळची मनाची स्थिती ते लपवत नाहीत:

"आरंभीं कीर्तन करीं एकादशी । नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं ॥"

चित्त अभ्यासात नव्हतं. तुकोबांचं! तरी एकादशी चुकवली नाही. मग संतांची काही वचनं पाठ केली, विश्वासानं आणि आदरानं. मग जे पुढे उभं राहून गातात त्यांच्या मागे ध्रुपद धरलं. म्हणजे स्वतः अभंग रचणारा हा माणूस सुरुवातीला मागच्या रांगेत उभा राहून दुसऱ्यानं म्हटलेली ओळ उचलत होता. आणि जमेल तो उपकार केला, "केलें हें शरीर कष्टवूनी". अंगमेहनत केली.

पडलेलं देऊळ, मन नसताना धरलेली एकादशी, पाठ केलेल्या चार ओळी, मागून धरलेलं ध्रुपद, आणि शरीर झिजवून केलेलं कोणाचं तरी काम. समाधान त्यानंतरचं आहे. आई तुम्हाला वाटेच्या शेवटचं गाव सांगतात आणि तुम्ही वेशीवर उभ्या आहात, म्हणून अपराधी वाटतं. त्यांचं चुकतंय असं मी म्हणणार नाही. त्या इतक्या लांबून दुसरं काय देऊ शकतात? पण तुम्ही सुरुवात तिथून करा जिथून तुकोबांनी केली.

यातच ढोंगाच्या शंकेचं उत्तर आहे. मनात नसलेला भाव आहे असं दुसऱ्याला भासवणं हे ढोंग. कोणी बघत नसताना, मन कोरडं आहे हे देवाला माहीत असताना, त्याच्यापुढे वात लावून उभं राहणं हा नेम आहे. आपल्या परंपरेनं नेमाला एवढी किंमत दिली ती याचसाठी की भाव रोज येत नाही. पंढरीची वारी करणारा प्रत्येक जण प्रत्येक वर्षी गहिवरून चालतो असं वाटतं का तुम्हाला? पायाला फोड आलेले असतात, पाऊस असतो, घरी पेरणीची काळजी असते. तरी पाऊल पुढे पडतं, कारण दिंडी चालते आहे.

मात्र नेम इतका लहान हवा की सगळ्यात वाईट दिवशीही पार पडावा. षोडशोपचार पूजा, स्तोत्रांची यादी, रोजचं पारायण हे ज्या दिवशी अंथरुणातून उठवत नाही त्या दिवशी मोडतं, आणि मोडलेला नेम पुन्हा अपराधीपण आणतो. तुम्ही एवढंच करा: तोंड धुतल्यावर एक वात, एक अभंग किंवा हरिपाठातला एकच अभंग, आणि नमस्कार. उभ्यानं केला तरी चालेल. नवरा रात्रपाळीहून येण्याच्या वेळेला जोडून घेतलात तर विसरणार नाही.

आणि या नमस्कारात आधी तक्रार करा.

हे मी जपून सांगते, कारण घरात लहानपणापासून आपल्याला "देवापुढे रडायचं नाही, मागायचं नाही" असं शिकवलेलं असतं. पण संतांची गाथा उघडून बघा, त्यात देवाशी भांडणं किती आहेत. नामदेवांचं तर विठ्ठलाशी रोजचं भांडण. जनाबाई त्याला "विठ्या" म्हणून एकेरीवर येतात, शिव्या घालतात. तुकोबांनी तर "माझे लेखीं देव मेला" इथपर्यंत मजल मारली. चोखोबांनी देवळाबाहेर उभं राहून आपलं दुःख आत पाठवलं. यांच्यापैकी कोणालाही आपण कृतघ्न म्हणत नाही. ज्याच्याशी माणूस भांडतो त्याच्याशी त्याचं नातं जिवंत असतं. गप्प बसणं जास्त घातक, कारण दाबलेल्या तक्रारीखाली आभाराला जागाच राहत नाही.

रुग्णालयात मी हे खूप जवळून पाहिलंय. डायलिसिसच्या विभागात एक मराठी गृहस्थ येत. डायलिसिस म्हणजे आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चारेक तास यंत्राला बांधून बसणं, आणि बाहेर बर्फ असलं तरी घरून निघणं चुकत नाही. त्यांच्या कोटाच्या आतल्या खिशात विठ्ठलाचं पोस्टाच्या तिकिटाएवढं चित्र असायचं, प्लास्टिकमध्ये घातलेलं, कोपरे पिवळे पडलेले. सुई टोचायच्या आधी ते चित्र चादरीवर ठेवत आणि मराठीत त्याला सुनावत: हात बघ कसा झालाय, सुनेला सुट्टी घ्यावी लागली, तू तिकडे कमरेवर हात ठेवून उभा आहेस. पाच-सात मिनिटं हे चालायचं. नर्सला भाषा कळत नव्हती, पण ती थांबायची. सुनावून झालं की चित्राला हात लावून डोळ्याला लावायचे, आणि मग त्या नर्सला नावानं हाक मारून म्हणायचे की तुझा हात हलका आहे. दर वेळी. मला नंतर कळलं की ती नर्स त्यांची पाळी मागून घ्यायची.

त्यांनी कृतज्ञतेचा सराव केला नव्हता, वहीत यादी लिहिली नव्हती. तक्रार जिथे पोचवायची तिथे पोचवली आणि हात मोकळा झाल्यावर समोरच्या माणसाचे आभार मानले. तुम्हालाही हाच क्रम सुचवते. आधी देवाला सगळं ऐकवा, अगदी "हे बेसमेंट मला नको झालंय" इथपर्यंत. मग एका माणसाचे, एका नेमक्या गोष्टीसाठी आभार. "देवा, तू मला सगळं दिलंस" असलं मोघम वाक्य कोरड्या मनाला पकड देत नाही. त्याऐवजी: काल रात्री बर्फ पडला आणि सकाळी सहाला रस्ता काळा दिसत होता. पहाटे तीन-चारला कोणीतरी नांगर लावलेला ट्रक चालवला, मीठ टाकलं, म्हणून तुमचा नवरा रात्रपाळीहून घरी आला. त्या चालकाला तुम्ही ओळखत नाही. त्याच्यासाठी एक नमस्कार करा. मुलीचे बूट-मोजे-टोपी-हातमोजे रोज दोन वेळा काढ-घाल करणारी शाळेतली बाई आहे. तिला तर प्रत्यक्षच सांगता येईल. ज्ञानेश्वरीत भेटेल त्या प्राण्याला भगवंत मानायला सांगितलंय, तेव्हा अशा माणसाला सांगितलेलं धन्यवाद देवापर्यंत वेगळं पोचवावं लागत नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण समाधानाच्या नावाखाली बायकांना बरंच सोसायला लावलं जातं. तुम्ही लिहिलंय की घर नीट तापत नाही आणि मुलगी झोपताना कोट घालते. यावर "ठेविले अनंते" म्हणू नका. ओंटारियोत १ सप्टेंबर ते १५ जून घरमालकानं घर किमान २० अंशांपर्यंत तापवलं पाहिजे असा नियम आहे. एक साधा थर्मामीटर आणा, सकाळ-संध्याकाळ तापमान लिहून ठेवा, फोटो काढा, मालकाला लेखी कळवा, आणि त्यानं ऐकलं नाही तर शहराच्या कार्यालयात तक्रार करा. देवावरचा विश्वास आणि मालकाला लिहिलेलं पत्र एकाच दिवशी चालतं. तुकोबांनी पडलेल्या देवळाकडे बघून समाधान मानलं नाही, ते बांधायला घेतलं.

बेसमेंटच्या खिडकीबाहेर जो खड्डा असतो त्यात बर्फ भरलं असेल तर तेही फावड्यानं काढा. आग लागली तर तिथून बाहेर पडायचं असतं म्हणून काढायलाच हवं, आणि वर जेवढा उजेड आहे तेवढा तरी आत येईल.

उजेडाबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथल्या माघाचं कोडं त्यात आहे. २१ डिसेंबरच्या सुमाराला तुमच्याकडे दिवस सगळ्यांत लहान, नऊ तासांहून थोडा कमी. तेव्हापासून दिवस वाढतो. पण जमीन आणि आसपासची मोठी सरोवरं उन्हाळ्यात साठवलेली उष्णता हळूहळू सोडत राहतात, त्यामुळे थंडीचा कडाका येतो जानेवारीच्या उत्तरार्धात, फेब्रुवारीत. म्हणजे उजेड परत येत असतो आणि थंडी वाढत असते, दोन्ही एकाच वेळी. शरीराला थंडी जाणवते, उजेड जाणवत नाही, कारण तो ढगांच्या आड, थोडा थोडा वाढतो. फेब्रुवारीच्या मध्यावर किचनरचा दिवस रोज पावणेतीन मिनिटांच्या आसपास वाढतो. एका एकादशीपासून दुसऱ्या एकादशीपर्यंत तो चाळीसेक मिनिटांनी मोठा होतो. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात तुमचा दिवस सुमारे अकरा तासांचा होतो, आणि पुण्याचा वर्षातला सगळ्यांत लहान दिवसही साधारण तेवढाच असतो. त्या आठवड्यात तुम्ही उजेडाच्या हिशेबात पुण्याच्या डिसेंबरात पोचलेल्या असता, बाहेर उणे दहा असलं तरी.

हे मी तुम्हाला भूगोल म्हणून सांगत नाही. दर एकादशीला कालनिर्णयच्या चौकोनात तुमच्या गावचा सूर्यास्त किती वाजता झाला ते पेनानं लिहा. मुलीकडून लिहून घ्या, तिला घड्याळ शिकायचंच आहे. (छापलेली सूर्योदयाची वेळ तिकडची असते, ती इथे उपयोगाची नाही, आणि तिथीही कधी इथे एक दिवस अलीकडे येते, ती स्थानिक देवळाच्या पंचांगातून घ्या.) फाल्गुनात मागे वळून पाहिलं की समोर आकडे असतात. मन म्हणतं काहीच बदलत नाही, आणि कागद सांगतो की बदलतंय. कोरड्या दिवसांत विश्वासाला असा कागदाचा टेकू लागतो, त्यात कमीपणा काही नाही.

आपल्या सणांची मांडणीही या दिवसांना अनुकूल आहे, हे इथे आल्यावर जास्त समजतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, मग माघी एकादशी, तेव्हा पंढरपूरला वर्षातल्या चार मोठ्या वाऱ्यांपैकी एक भरते. मग महाशिवरात्र, होळी, आणि होळीनंतर दोनच दिवसांनी तुकाराम बीज. दर पंधरवड्याला काहीतरी आहे. तिकडे त्या वेळी आंब्याला मोहोर असतो, आणि मैत्रिणी त्याचे फोटो पाठवतात तेव्हा पोटात तुटतं, हे मला माहीत आहे. त्या दिवशी फोन थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तोच सण इथल्या हवेत करा. रथसप्तमीला गावाकडे अंगणात गोवरीवर दूध उतू घालवतात. तुम्ही स्वयंपाकघरातल्या शेगडीवर, छोट्या मातीच्या किंवा पितळी भांड्यात पेलाभर दूध घ्या, मुलीला सूर्याचं चित्र काढायला सांगा, आणि दूध उतू गेलं की पूर्वेला तोंड करून नमस्कार करा. बाल्कनीत किंवा बेसमेंटमध्ये गोवरी पेटवू नका, धुराचा अलार्म वाजेल आणि धोकाही आहे. आपले ख्रिस्ती शेजारीही याच सुमाराला चाळीस दिवसांचा उपास धरतात. रुग्णालयात त्या पहिल्या बुधवारी बऱ्याच नर्सच्या कपाळावर राख दिसायची, आपल्या अंगाऱ्यासारखी. जुन्या युरोपात कोठारं रिकामी व्हायची तीही हीच वेळ. तेव्हा या दिवसांत भक्तीला कष्ट पडतात हे फक्त आपल्यालाच जाणवतंय असं समजू नका.

तुम्ही तुळशीबद्दलही एक ओळ लिहिलीत, की ती सुकली आणि तो अपशकुन वाटला. अपशकुन नाही. तुळस उष्ण हवेची आहे, दहा अंशांखाली ती टिकाव धरत नाही, आणि बेसमेंटमध्ये तिला उजेड मिळत नाही. आत्ता ती नीट बघा. खालची पानं गळून खोड तपकिरी, लाकडी झालंय का? टोकाला वाळक्या मंजिऱ्या आहेत का? नखानं खोड किंचित खरवडा. आत हिरवं दिसलं तर ती जिवंत आहे. मग तिला खिडकीच्या थंड काचेपासून आणि हीटरच्या गरम झोतापासून दोन्हींपासून दूर ठेवा, वर झाडांसाठीचा छोटा एलईडी दिवा दिवसाचे बारा-चौदा तास लावा, आणि माती वरून बोटाच्या पेराएवढी कोरडी झाल्याशिवाय पाणी घालू नका. हिवाळ्यात तुळशी जास्त करून पाण्यानं मरतात, प्रेमानं घातलेल्या पाण्यानं. आत हिरवं नसेल तर वाळक्या मंजिऱ्या तळहातावर चोळा, बारीक काळपट बिया पडतील. त्या फुंकर घालून वेगळ्या करा आणि मार्चमध्ये ओल्या मातीवर नुसत्या भुरभुरवा, वर मातीचा थर देऊ नका, कारण त्यांना रुजायला उजेड लागतो. ऊबदार जागी आठवडा-दोन आठवड्यांत मोहरीच्या दाण्याएवढी दोन-दोन पानं वर येतात. मे महिन्यात व्हिक्टोरिया डेच्या सुट्टीनंतर रात्रीचं हिव पडायचं थांबलं की रोप बाहेर न्या. वाळलेल्या तुळशीचं खोड टाकून देऊ नका, त्याचे मणी करता येतात, नाहीतर वृंदावनाच्या मातीत घाला.

हे मी मुद्दाम एवढं सांगितलं, कारण ज्या बाईला स्वतःसाठी उठवत नाही ती रोपाला पाणी घालायला उठते. हे मी अनेकींच्या घरी पाहिलंय. शरीर कष्टवून केलेला छोटासा उपकार तुकोबांच्या यादीत शेवटी आहे, पण सुरुवात तिथूनही करता येते.

आईंना काय सांगायचं? भांडू नका आणि गप्पही बसू नका. पुढच्या फोनवर त्यांना म्हणा, "आई, समाधानाचं नंतर सांग, आधी मला एक अभंग पाठ करवून घे." रोज एक कडवं त्या म्हणतील, तुम्ही मागून म्हणा. त्यांना तुमच्यासाठी करण्यासारखं काहीतरी मिळेल, आणि तुम्हाला पुढे गाणारं कोणीतरी. वेळेचा फरक साडेदहा तासांचा आहे. मार्चच्या दुसऱ्या रविवारी इथलं घड्याळ पुढे गेलं की साडेनऊ होईल. त्यांची संध्याकाळची दिवेलागण तुमच्या सकाळच्या वातीच्या आसपास येते, तेव्हाच फोन करा.

राहिलं ऑनलाइन भजन. आठवड्याच्या मधल्या दिवशी जरूर बसा, कॅमेरा बंद ठेवला तरी चालेल. पण त्यात एक उणीव आहे: सगळे एकदम म्हणायला लागले की आवाज मागेपुढे होतो, म्हणून बाकीच्यांना माइक बंद करायला सांगतात, आणि ध्रुपद धरायची सोयच राहत नाही. तुम्ही एकट्याच स्वतःचा आवाज ऐकत बसता. म्हणून महिन्यातून निदान एकदा प्रत्यक्ष जा. तासाभराचा रस्ता हिवाळ्यात एकटीनं चालवू नका. मंडळाच्या व्हॉट्सॲपवर सरळ लिहा की किचनर-वॉटर्लूकडून कोण येतं, मला आणि मुलीला घ्याल का. कोणी ना कोणी असतंच. हवामानखात्याचा इशारा असेल त्या शनिवारी घरीच बसा. आणि जाताना एखादं काम मागून घ्या: एकादशीच्या आसपासचा शनिवार असेल तर "साबुदाण्याची खिचडी मी आणते" असं आधी कळवून टाका. खिचडी कबूल केली की जावं लागतं. पहिल्या वेळी टाळ हातात घेतला नाहीत तरी कोणी विचारणार नाही, मागे भिंतीला टेकून बसा आणि ओळ दुसऱ्यांदा आली की म्हणा.